दहा दिवसांनंतर काय? सार्वजनिक आरोग्य विभागास खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
तसेच विभागाचे सचिव आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीचे सर्व अधिकारी

सादर नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवते. शेजारी सरकारी रुग्णालय आहे, पुढच्या चौकात खासगी दवाखाने. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पोट हातावर आहे. शेतमजूर, बांधकामावरचे बिगारी, धुणंभांडी करणाऱ्या बाया, हमाल, टपरीवाले. त्यांच्या घरात आजारपण शिरलं की पुढे काय काय होतं, हे फार जवळून पाहण्याची जागा मला मिळाली आहे. दवाखान्यातून बाहेर पडलेला माणूस आधी माझ्याकडेच येतो. खिशात किती पैसे आहेत हे डॉक्टरांना सांगायला तो संकोचतो, मला मात्र त्याला सांगावंच लागतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल आधी मनापासून आभार मानते. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते जुलै २०२४ पासून पाच लाखांचं झालं. पिवळ्या-केशरी कार्डाची अट सुटली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडलं. बायपाससाठी जमिनीचा तुकडा विकलेली, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं मोडलेली घरं मला माहीत आहेत. आज तशाच ऑपरेशननंतर माणूस रुग्णालयाचं बिल न भरता घरी येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत करण्याचा निर्णय झाला, तोही फार मोलाचा होता. ज्यांनी ही कामं केली त्यांनी पुण्य जोडलं आहे, यात मला शंका नाही.

पण ही सगळी मदत खाटेभोवती उभी आहे. माणूस ॲडमिट झाला की सरकार त्याच्याजवळ येतं आणि डिस्चार्ज मिळाला की थोड्याच दिवसांत निघून जातं. गरिबाचं घर मात्र खाटेवर पडण्याच्या आधीच खचायला लागतं आणि घरी परतल्यानंतरच्या वर्षांत मोडतं. मला आपल्यापुढे एवढंच मांडायचं आहे. बाकीचं पत्र ते उलगडून सांगण्यासाठी आहे.

फुले योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी धरलेली आहे. आयुष्मान भारतमधल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेत हीच मुदत १५ दिवसांची आहे. अपेंडिक्स काढलेल्या माणसाला तेवढं पुरतं. टाके सुकले, विषय संपला. पण ज्यांचं ऑपरेशन म्हणजे पुढच्या आयुष्यभराच्या औषधाची सुरुवात असते, त्यांचं काय?

आमच्या भागातल्या एका विशीतल्या मुलीच्या हृदयाची झडप योजनेतून बदलली. लहानपणी घसा धरून ताप यायचा, सांधे सुजायचे. अंगावर काढलं गेलं आणि त्यातून झडप खराब झाली. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांनी जीव ओतून केलं. पण कृत्रिम धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी किती घ्यायची हे पीटी-आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरून ठरतं. ती तपासणी सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि पुढे स्थिर झाल्यावर साधारण महिन्याला करावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते. जास्त झाली तर रक्तस्राव होतो. मधला रस्ता अरुंद आहे आणि तो तपासणीशिवाय सापडत नाही.

गोळी तशी महाग नाही. घराला जड जाते ती तपासणी. ती आमच्याकडे सरकारी दवाखान्यात होत नाही, जिल्ह्याला जावं लागतं. जायचं म्हटलं की मुलीची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्या आईचीही बुडते, वर दोघींचं एसटीचं भाडं. मग तपासणी पुढे ढकलली जाते. वडील माझ्याकडे येतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून घड्या पडून फाटायला आलेली चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, "ताई, मागच्याच मापानं द्या." मागचं माप कधीचं आहे हे चिठ्ठीवरच्या तारखेवरून मला दिसत असतं. गोळी दिली नाही तर धोका, जुन्या मापानं देत राहिले तरी धोका. मी थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या देते आणि आधी रक्त तपासून आणा म्हणून सांगते. ते मान हलवतात. पुढच्या वेळी चिठ्ठी तीच असते.

सरकारनं त्या मुलीच्या झडपेवर मोठा खर्च केला. तो खर्च वाया जाऊ नये यासाठी लागणारा खर्च त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. पण तो करायचा कुणी, हे कुठंच ठरलेलं दिसत नाही. पाठपुराव्याच्या १२१ सेवा योजनेत असल्याचं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. त्यातली कोणती सेवा आपल्याला लागू आहे, ती कुठं आणि किती महिने मिळेल, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं मला क्वचितच दिसलं. मिळालीच तरी ती त्याच दूरच्या रुग्णालयात जाऊन घ्यायची असते. म्हणजे पुन्हा तेच भाडं आणि तीच बुडालेली मजुरी.

अँजिओप्लास्टी झालेल्यांचं जवळपास असंच आहे. हार्ट अटॅकनंतर स्टेंट बसला की साधारण वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चुकवायच्या नसतात, कारण मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. त्यांच्या जोडीला कोलेस्टेरॉलची, बीपीची गोळी असते. छातीत दुखायचं थांबलेलं असतं, माणूस कामावर जायला लागलेला असतो आणि महिन्याचं औषधांचं बिल समोर आलं की त्याला वाटतं, आता बरं आहे की! घरातल्या शाळेच्या वह्या आणि ती गोळी यांत निवड करायची वेळ आली तर बाप वह्या निवडतो. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

याहून लांब रांग बीपी आणि शुगरवाल्यांची आहे. हे लोक तुमच्या योजनेच्या कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत, कारण ते ॲडमिट झालेले नसतात. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. माणूस म्हणतो, पाच दिवसांच्या द्या, बाजाराच्या दिवशी पैसे मिळाले की उरलेल्या नेतो. बाजाराचा दिवस येतो, तेल-मीठ येतं, गोळ्या राहतात. एक बाई चिठ्ठीवरच्या तीन गोळ्यांवर बोट ठेवून विचारते, यातली कोणती बंद केली तर चालेल? एक जोडपं आहे, दोघांनाही बीपी. एकाच्या चिठ्ठीवर स्ट्रिप नेतात आणि एक दिवस त्यानं, एक दिवस तिनं, अशी आलटून पालटून खातात. त्यांना समजावून सांगितलं, त्यांना कळलंही. कळून उपयोग काय, स्ट्रिप एकाचीच परवडते.

बीपीची गोळी अशी चुकत राहिली की एके दिवशी पक्षाघात होतो. शुगर वर्षानुवर्षं वर राहिली की किडनी जाते. मग डायलिसिस लागतं आणि त्या दिवशी तोच माणूस योजनेत बसतो. तोवर तो बसत नव्हता! थोडक्या पैशांच्या गोळ्यांसाठी ज्याच्यामागे कुणी नव्हतं, त्याच्यावर आता आठवड्यातून दोनदा-तीनदा खर्च होतो आणि तो होऊनही माणूस पहिल्यासारखा कामाचा राहत नाही. घरातला एक कमावता हात जातो, दुसरा त्याला नेण्या-आणण्यात अडकतो. दयामाया बाजूला ठेवून निव्वळ तिजोरीचा विचार केला तरी हा हिशेब तोट्याचा आहे.

यावर उपाय आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. त्याची पद्धत साधी होती. सगळीकडे ठरावीक, मोजकी औषधं वापरायची. एका वेळी निदान ३० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. औषध घराजवळच्या केंद्रावर मिळेल असं पाहायचं. आणि कोण आला नाही याची नोंद ठेवायची. तामिळनाडूनं ५ ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कलै तेडी मरुत्तुवम’ या नावानं बीपी-शुगरची औषधं थेट घरी पोचवायला सुरुवात केली. आपल्याकडे उपकेंद्रं आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, गावोगाव आशाताई आहेत. मग रुग्णाला १० दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा या म्हणून का सांगितलं जातं? आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची आणि मजुराचा दिवसही सकाळीच सुरू होतो. गोळ्या मोफत असल्या तरी त्या आणायला अर्ध्या दिवसाची मजुरी मोजावी लागते. म्हणून तो संध्याकाळी माझ्याकडे येतो आणि पाच दिवसांच्या विकत घेतो. (आशाताईंवर हे काम टाकायचं तर त्याचा मोबदला आधी ठरवा, एवढं इथंच सांगून ठेवते. त्यांच्या अंगावर आधीच पुष्कळ आहे.)

केंद्रात गोळ्या नसणं ही आणखी एक गोष्ट. बाहेरून आणा, असं सांगणारे कागदाचे तुकडे माझ्याकडे रोज येतात. माझं दुकान काही अंशी त्यांच्यावर चालतं, ते बंद झाले तर माझा गल्ला कमी होईल. तरीही ते बंद व्हावेत असं मला वाटतं. औषधखरेदीची जबाबदारी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण झालं. व्यवस्था बदलल्या, चिठ्ठ्या येतच आहेत. तामिळनाडूनं १९९४ मध्ये औषधखरेदीचं महामंडळ काढलं. तिथं प्रत्येक दवाखान्याला औषधांचं पासबुक असतं, किती रकमेचं औषध उचललं आणि किती उरलं ते त्यात दिसतं. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली. राजस्थान आपल्यापेक्षा श्रीमंत आहे म्हणून त्याला जमलं असं तरी कुणी म्हणू शकणार नाही.

आता खाटेच्या आधीचं. योजनेत बसायला आधी निदान हवं आणि निदान व्हायला पैसे हवेत. योजनेशी जोडलेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयात केलेल्या तपासण्या, पुढचा उपचार योजनेतला निघाला तर, पॅकेजमध्ये धरल्या जातात हे मला माहीत आहे. पण त्या रुग्णालयापर्यंत माणूस कितव्या पायरीवर पोचतो ते पाहा. घरकाम करणाऱ्या एका बाईंना छातीत गाठ लागली. आधी गावातल्या डॉक्टरांची फी, मग सोनोग्राफी, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मग सुईनं पाणी काढून तपासणी, मग बायोप्सी. प्रत्येक टप्प्यावर त्या थांबल्या, पैसे जमवले आणि पुढच्या टप्प्याला गेल्या. बचत गटाचं कर्ज झालं. दर आठवड्याला हप्ता मागायला येणाऱ्या फायनान्सवाल्यांचं झालं. कानातलं गेलं. कॅन्सर असल्याचं पक्कं झालं तेव्हा योजनेनं त्यांना कवेत घेतलं आणि उपचार मोफत झाले. पण तोवर महिने उलटले होते, गाठ वाढली होती आणि घरावर कर्ज होतं, ज्याच्या हप्त्यांशी योजनेचा काही संबंध नाही. कॅन्सरमध्ये उशिराची किंमत काय असते हे आपल्या विभागातल्या डॉक्टरांना मी सांगायला नको.

अशा वेळी संशय आल्यापासून निदान होईपर्यंतच्या तपासण्या, निदान काहीही निघो, सरकारनं का उचलू नयेत? शेवटी गाठ साधी निघाली तर त्या बाईंचे पैसे वाया गेले असं आजची व्यवस्था मानते. खरं तर ती सगळ्यांत चांगली बातमी असते.

मजुरीचा मुद्दा मी वर दोन-तीनदा ओझरता आणला, आता सविस्तर लिहिते, कारण आरोग्याच्या चर्चेत तो सगळ्यांत कमी येतो. कारखान्यात महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला, कर्मचारी राज्य विमा योजनेतला (ईएसआय) कामगार आजारी पडला तर त्याला आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे आजारी माणसाच्या घरातही चूल पेटवावी लागते हे तत्त्व देशानं स्वीकारलेलं आहे. पण ज्याचा ठेकेदारही बदलतो आणि कामही बदलतं, त्या बिगाऱ्याला यातलं काही नाही. हर्नियाचं ऑपरेशन योजनेतून फुकट झालं, डॉक्टरांनी सांगितलं वजन उचलू नका, काही आठवडे आराम करा. तो थोड्याच दिवसांत पाटी उचलतो. आपण बरे झालो आहोत असं त्याला वाटत नसतं. घरात पीठ संपलेलं असतं. मग टाक्यांच्या जागी दुखतं आणि तो वेदनाशामक गोळ्या घ्यायला माझ्याकडे येतो. ऑपरेशनचा मोफतपणा त्याच्या लेखी इथंच संपतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे किती टोकाला जाऊ शकतं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं आहे. बीड जिल्ह्यातल्या या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हा खाड्याचा विषय पुढे आला. एक दिवस कामावर आलं नाही की मजुरी तर जातेच, वर मुकादमाचा दंड. दर महिन्याचा त्रास आणि त्यातला खाडा टाळण्यासाठी एखादी बाई शरीराचा अवयव काढून टाकायला तयार होते, तेव्हा आजारपणातली मजुरी हा आरोग्याचाच प्रश्न असतो. तो कामगार खात्याचा आहे म्हणून बाजूला सारता येणार नाही.

पुन्हा, याचीही वाट आपल्याकडे माहीत आहे. आदिवासी भागात आजारी, कुपोषित बालकाला दाखल करताना आई-वडिलांना बुडीत मजुरी देण्याची तरतूद महाराष्ट्रानंच केली. मजुरी बुडते म्हणून आई मूल घेऊन वॉर्डातून निघून जाते, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. नुसत्या गोळ्यांनी टीबी बरा होत नाही, पोटात अन्नही लागतं, हे सरकारला मान्य आहे. आंध्र प्रदेशानं डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीच्या काळासाठी दिवसाला २२५ रुपये, महिन्याला कमाल ५००० रुपये, रुग्णाच्या खात्यात द्यायला सुरुवात केली होती. मग फुले योजनेतून मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, मजुरीवर जगणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवसांची बुडीत मजुरी का देता येऊ नये?

भाड्याचंही एक सांगते. पॅकेजच्या अटींत रुग्णालयातून घरी जाण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं आहे. फार कमी रुग्णांना हे ठाऊक असतं, आणि मागितल्याशिवाय कुणी हातावर ठेवत नाही. ज्यानं ही अट लिहिली त्याला गरिबाची अडचण कळत होती, एवढं नक्की. पण रुग्णालयात यायचं भाडं त्यात नाही, पुन्हा तपासणीला यायचं नाही, सोबत आलेल्या माणसाचं नाही. घराकडून दवाखान्याकडे जाणारा रस्ताच तर अवघड असतो!

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्या डोळ्यांना सगळ्यांत जास्त अडलेली दिसते ती नवी सून. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी झालेलं असतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. मधल्या काळात ती कुठल्याच कुटुंबाची नसते आणि बाळंतपणातली गुंतागुंत त्या मधल्या काळातच येते. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी दोन खेपा होतात. रुग्णालयातले आरोग्यमित्र बहुतेक वेळा मदत करतात, पण ते रुग्णालयात बसतात. माणूस अडतो तो गावात, सेतू केंद्रात, तहसीलच्या खिडकीसमोर. आधी उपचार सुरू करून कागद नंतर पुरे करण्याची मुभा अत्यवस्थ रुग्णांसाठी असते. ती बाळंतपणाला आणि लहान मुलांना सरसकट द्यावी.

आणि योजनेत बसत नाही असं ज्याला सांगितलं जातं, त्याला ते लेखी मिळावं. कोणत्या कारणानं, कोणी, किती वाजता नाकारलं, त्याची पावती हातात पडावी. आज हे तोंडी सांगितलं जातं. तोंडी नकाराविरुद्ध गरीब माणूस कुठं दाद मागणार? टोल फ्री नंबरवर फोन करायचा तर पलीकडून पहिला प्रश्न हाच येतो की कुणी सांगितलं. लेखी द्यावं लागलं तर निम्मे नकार दिलेच जाणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचा प्रश्न आपण विचाराल, आणि तो रास्त आहे. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे, ती मी नाकारत नाही. पण १०० रुपयांतले ३९ रुपये अजूनही आजारी माणूस आपल्या खिशातून काढतो. माझ्या गल्ल्यात येणारे पैसे त्यातलेच आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच धोरणात राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचे ८ टक्क्यांहून अधिक पैसे २०२० पर्यंत आरोग्यावर खर्च करावेत असं म्हटलं होतं. देशात श्रीमंत म्हणवणारा महाराष्ट्र त्या ८ टक्क्यांपासून दूर आहे. तेव्हा पैसे नाहीत हे उत्तर मला पटत नाही. पैसे कशावर आधी खर्चायचे, एवढाच प्रश्न उरतो.

सगळं एकदम होणार नाही हे मी जाणते. क्रम लावायचा तर मी डिस्चार्जनंतरच्या औषधांना पहिला नंबर देईन. झडप, स्टेंट, फिट, किडनी, मानसिक आजार, कॅन्सरनंतरच्या गोळ्या अशा दीर्घ उपचारांच्या रुग्णांची यादी आपल्याकडे योजनेच्या संगणकात तयारच आहे. मोबाइल नंबरासकट आहे. त्या प्रत्येकाचं नाव त्याच्या गावाच्या उपकेंद्राला जोडा. महिन्याचं औषध तिथं येऊ द्या. आयएनआरसारख्या तपासण्या तालुक्याला सुरू करा, निदान ठरलेल्या वारी रक्ताचे नमुने तालुक्याहून जिल्ह्याला जाऊ द्या. नळी एसटीनंही जाऊ शकते, माणसानं जायची गरज नाही. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला मराठीत, ठळक अक्षरात लिहा: पुढची औषधं कुठं मिळतील, किती दिवस मिळतील, मिळाली नाहीत तर कुणाला फोन करायचा. याला नवी योजना, नवं नाव, नवा समारंभ काही लागत नाही.

त्यानंतर बीपी-शुगरच्या ३० दिवसांच्या गोळ्या आणि आठवड्यातून निदान एक-दोन दिवस संध्याकाळची ओपीडी. मग बुडीत मजुरी, तीही आधी एखाद्या जिल्ह्यात करून पाहा, जिथून लोक ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात.

आमच्यासारख्या तालुक्याच्या औषध दुकानदारांना या कामात घ्यायचं असेल तर मी तयार आहे आणि माझ्या ओळखीचे आणखी काही जण येतील. कोण महिन्याच्या गोळ्या पाच दिवसांच्या करून नेतो आणि कुणी यायचंच बंद केलं, हे आम्हाला आपल्या संगणकाच्या आधी कळतं. ती माहिती रुग्णाच्या संमतीनं उपकेंद्राला देण्याची सोय करा, आम्ही देऊ.

या पत्राला सविस्तर उत्तर आलं नाही तरी चालेल. एवढंच कळवावं, की येत्या अर्थसंकल्पात डिस्चार्जनंतरच्या दीर्घकालीन औषधांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असणार आहे का, आणि असल्यास त्यात किती रक्कम असेल.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक औषध दुकानदार